गावाचं मत एकच का होतंय? जाळ्यातून मत पसरण्याचं मॉडेल बांधताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. औसा तालुक्यातल्या एका गावात ३१२ शेतकरी कुटुंबं आहेत. बीबीएफने, म्हणजे रुंद वरंबा सरीवर, सोयाबीन पेरण्याबद्दल प्रत्येक घराचं मत तुम्ही १ ते ५ या मापावर विचारलं. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या १८६ जणांना एकमेकांशी जोडलं आणि उरलेल्यांना बांधाला बांध लागतो म्हणून शेजाऱ्यांशी जोडलं. मग पायथनमध्ये डिग्रूटचं मॉडेल (दर फेरीत प्रत्येक जण ज्यांचं ऐकतो त्यांच्या मतांची सरासरी घेतो) चालवलं, तर पाच-सहा फेऱ्यांत सगळं गाव ३.२ वर येऊन थांबलं. प्रत्यक्षात दुसऱ्या हंगामानंतर विचारलं, तेव्हा गाव दोन गटांत उभं होतं, एक २ च्या आसपास आणि दुसरा ४ च्या वर. तुम्ही विचारता, 'आता कोणतं मॉडेल घेऊ?'

माझ्या मते मॉडेल बदलणं ही पुढची पायरी आहे. तुमची अडचण तीन ठिकाणी आहे आणि त्यातल्या दोन मॉडेलच्या आधीच्या आहेत. जाळं 'कोण कुठे हजर आहे' याचं आहे, 'कोण कुणाचं ऐकतं' याचं नाही. मत आणि पेरणी या दोन गोष्टी तुम्ही एकाच आकड्यात धरल्या आहेत. आणि डिग्रूटचं मॉडेल जोडलेल्या जाळ्यावर एकमतच देतं. तो गणिताचा गुण आहे, त्यातून गावाबद्दल काहीच कळत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो कागद-पेन्सिलीने दिसतो. डिग्रूटने १९७४ साली मांडलेला नियम साधा आहे: प्रत्येक फेरीत माणूस आपलं मत आणि ज्यांचं ऐकतो त्यांची मतं यांची वजनदार सरासरी काढतो. तीन माणसं घ्या. 'क' जुना कोरडवाहू शेतकरी, 'ख' त्याचा तरुण पुतण्या, 'ग' कृषी सेवा केंद्रवाला. मत ० ते १ या मापावर: क ०.१, ख ०.९, ग ०.५. क स्वतःला ०.८ आणि ख ला ०.२ वजन देतो. ख देतो क ला ०.३, स्वतःला ०.४, ग ला ०.३. ग स्वतःला ०.९ आणि ख ला ०.१. पहिल्या फेरीनंतर मतं होतात ०.२६, ०.५४, ०.५४. चालवत राहिलात की तिघंही ०.४६ वर येतात. त्या अंतिम आकड्यात दुकानदाराचा वाटा जवळपास ५५ टक्के असतो, क चा २७ आणि ख चा १८. दुकानदाराचा वाटा मोठा कशामुळे? इथे त्याचं थेट ऐकणारा एकटा ख आहे. पण तो स्वतः कुणाचं फारसं ऐकत नाही, म्हणून शेवटचं मत त्याच्याकडे ओढलं जातं. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण 'प्रभावी माणूस कोण' हे शोधताना बहुतेक जण फक्त ओळखी मोजतात.

आता यात एकच बदल करा. फ्रिडकिन आणि जॉन्सन यांच्या १९९० च्या मॉडेलमध्ये माणूस दर फेरीत आपल्या मूळ मताकडेही थोडा परत खेचला जातो. किती ऐकायचं हे लॅम्डा नावाचा आकडा ठरवतो: ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण डिग्रूट. क ला ०.३, ख ला ०.९, ग ला ०.५ द्या. आता मतं थांबतात ०.१२, ०.४० आणि ०.४९ वर. एकमत झालंच नाही. क आणि ग जागचे फारसे हलले नाहीत, पण ०.९ वरून उत्साहाने निघालेला पुतण्या दुकानदाराच्याही खाली आला. कुठल्याही गावात हे चित्र ओळखीचं वाटेल. तुमच्या आकडेवारीवर सगळ्यात आधी हेच मॉडेल लावून बघा, असं मी सुचवेन.

एक सावधगिरी. लॅम्डा प्रत्येक घराचा वेगळा काढायला गेलात तर सर्वेच्या दोन फेऱ्यांच्या माहितीतून तो निघणार नाही. वयोगट, जमिनीचा आकार, ओलिताची सोय असे चार-पाच गट करून गटाचा एक लॅम्डा काढा. सोबत प्रत्येकाला सरळ विचारा, 'तुमचं हे मत किती पक्कं आहे?' गणितातून आलेला लॅम्डा आणि हे उत्तर एका दिशेने जात नसेल, तर आधी प्रश्नावली तपासा.

आता जाळं. व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या १८६ जणांना प्रत्येकाशी जोडलं की १७,२०५ जोड्या होतात. एवढ्या घट्ट जाळ्यावर सरासरी काढली तर एका-दोन फेऱ्यांत सगळे गावाच्या मध्यावर येणारच. ग्रुपवर सकाळचे सुविचार, सप्ताहाची पत्रिका, पावसाचे अंदाज येतात. त्यावरून पेरणीची पद्धत ठरते का, हे तुम्हाला माहीत नाही. ग्रुपची माहिती टाकून देऊ नका, पण ती 'बातमी पोचते' या थरात ठेवा. 'मत बदलतं' हा थर वेगळा करा.

तो थर घरोघरी जाऊनच मिळतो. प्रश्न नेमके हवेत. 'तुमचे मित्र कोण?' असं विचारलं की भावकीतली नावं येतात. त्याऐवजी विचारा: 'गेल्या मृगाआधी वाण, बियाणं, पेरणी याबद्दल कुणाकुणाला विचारलं?', 'एखादी नवी गोष्ट ऐकली तर खरी की खोटी हे कुणाशी बोलून ठरवता?', आणि 'तुमच्याकडे विचारायला कोण येतं?' तीनच नावं घ्यायची अशी मर्यादा घालू नका. सात-आठ नावांची जागा ठेवा आणि गावाबाहेरच्या नावांसाठी वेगळा रकाना ठेवा, कारण सोयऱ्यांचं गाव, बाजाराचं गाव आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात भेटलेला माणूस यांचा धक्का बाहेरून येतो. घरातल्या बाईला वेगळं विचारा. खुरपणीच्या वेळी आणि बचत गटाच्या बैठकीत जे बोलणं होतं ते पुरुषांच्या उत्तरांत येतच नाही, आणि बियाण्याचे पैसे कधी काढायचे हे बऱ्याच घरांत तिथूनच ठरतं.

नावांचा गोंधळ हा या कामातला सगळ्यात मोठा खड्डा आहे. एका गावात एकाच आडनावाची साठ घरं असतात, त्यात एकाच नावाचे चार जण आणि प्रत्येकाला टोपणनाव. म्हणून आधी घरांची यादी करा आणि प्रत्येक घराला क्रमांक द्या. सोबत वडिलांचं नाव, टोपणनाव आणि शेताचा गट नंबर लिहा. उत्तरात आलेलं प्रत्येक नाव तिथल्या तिथे यादीतल्या क्रमांकाशी जुळवा. संध्याकाळी मुक्कामी बसून जुळवू म्हणाल, तर दहातली दोन-तीन नावं चुकीच्या घरी जातील.

आणि नमुना काढू नका, सगळी घरं घ्या. नेहमीच्या सर्वेक्षणात ३० टक्के घरं पुरतात. जाळ्यात मात्र जोडीच्या दोन्ही टोकांचं मत लागतं. ३० टक्के घरं घेतली की दोन्ही टोकं हाती असलेल्या जोड्या ०.३ गुणिले ०.३, म्हणजे साधारण ९ टक्केच उरतात. ३१२ घरं चार जणांनी, प्रत्येकी दिवसाला आठ-दहा, अशी केली तर आठ ते दहा दिवसांचं काम आहे.

काम कधी करायचं हेही ठरवून घ्या. मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि त्याच्या लगतच्या भागात, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जानेवारीत सर्वे केलात तर कुलूप लागलेली घरं जाळ्यातून गळतील, आणि गळणारी घरं एकाच थरातली, बहुतेक अल्पभूधारक आणि तांड्यावरची असतील. मग तुमचं जाळं खऱ्यापेक्षा जास्त एकसारखं दिसेल. तुमचं गाव औशाकडचं असलं तरी किती घरं जातात ते आधी विचारा.

मताच्या मापाबद्दल एक शंका आहे. 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना तुम्ही ३ दिलेत का? दिले असतील तर ३.२ चं अर्धं रहस्य तिथेच सुटलं. ज्याने बीबीएफ पाहिलंच नाही आणि ज्याने पाहून 'फायदा आहे पण सरीत रान वाया जातं' असं तोलून ठेवलंय, ते दोघं एक नव्हेत. पहिल्याला मतच नाही, त्याला माहिती पोचेपर्यंत सरासरीत घेऊ नका. तसंच, ३० घरांना तोच प्रश्न आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारा. पाचच्या मापावर अर्धा गुण इकडेतिकडे सहज होतो. हा डळमळाट किती हे मोजलं नाही, तर दोन हंगामांतला निव्वळ गोंधळ तुम्हाला 'मतपरिवर्तन' वाटेल.

कोडमधल्या तीन चुका तपासून घ्या, त्या फार वेळा होतात. वजनाच्या तक्त्यात प्रत्येक रांगेची बेरीज १ हवी. चुकून स्तंभांची बेरीज १ केली की मत मापाबाहेर जातं, ० ते १ च्या मापावर कुणी १.३ दिसला तर कारण बहुधा हेच. दुसरं, ज्याने कुणाचंच नाव घेतलं नाही त्याची रांग सगळी शून्य असते आणि पहिल्याच फेरीत त्याचं मत शून्यावर पडतं. त्याला स्वतःचं वजन १ द्या. तिसरं, दोघं फक्त एकमेकांचंच ऐकतात आणि स्वतःला वजन शून्य आहे, तर त्यांची मतं फेरीगणिक अदलाबदल होत राहतात आणि कधीच थांबत नाहीत. नेटवर्कएक्समध्ये (पायथनची जाळ्यांसाठीची लायब्ररी) बाणाची दिशाही बघा. 'मी त्याचं नाव घेतलं' हा बाण माझ्याकडून त्याच्याकडे जातो, प्रभाव उलट येतो. आणि बाण दोन्ही बाजूंनी आहे असं गृहीत धरू नका. दुकानदाराचं नाव चाळीस जण घेतील, तो दोघांचं घेईल.

आता दोन गटांचा प्रश्न. तुम्ही शेवटी विचारलंय, 'डेफ्युआँचं मॉडेल घेऊ का, त्यात गट पडतात.' त्या मॉडेलमध्ये (डेफ्युआँ आणि सहकारी, २०००; याच धर्तीचं हेगसेलमन आणि क्राउझ यांचं २००२ चं) माणूस आपल्या मतापासून ठरावीक अंतराच्या आत असलेल्याचंच ऐकतो. ते अंतर म्हणजे एप्सिलॉन. ० ते १ च्या मापावर मतं सारखी विखुरलेली असतील तर एप्सिलॉन ०.५ ला एक गट होतो आणि ०.२ च्या आसपास साधारण दोन. अडचण इथेच आहे. एप्सिलॉन फिरवून दोन गट केव्हाही आणता येतात, त्यामुळे 'मॉडेलने दोन गट दिले' हा पुरावा होत नाही. पुरावा जोड्यांत शोधा. सर्वेच्या पहिल्या फेरीत कोणाचं मत त्याच्या सल्लागारापासून किती लांब होतं आणि दुसऱ्या फेरीपर्यंत तो किती सरकला, याचा आलेख काढा. अंतर वाढेल तसं सरकणं वाढत गेलं तर सरासरीचं मॉडेल बरोबर. एका अंतरापलीकडे सरकणं एकदम बंद झालं तर मर्यादित विश्वासाचं, म्हणजे डेफ्युआँच्या धर्तीचं मॉडेल बरोबर. ३१२ घरांत हा आलेख खरखरीत येईल, पण डोळ्यांनी ओळखता येईल इतका आकार सहसा दिसतो.

मत आणि पेरणी वेगळी का करायची, हे बीबीएफच्या बाबतीत फार स्पष्ट आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापसा (रानात पेरणीजोगी ओल) आल्यावर करायची. काळ्या रानात तो वापसा मोजके दिवस टिकतो. समजा गावात दोन यंत्रं आहेत, एक यंत्र दिवसाला १० एकर करतं आणि वापशाचे ५ दिवस मिळाले. एकूण झाले १०० एकर. घरटी अडीच एकर धरलं तर ४० घरं. मग मत अनुकूल असलेली घरं ११० का असेनात, पेरणी ४० घरांचीच होणार. उरलेली ७० घरं 'मन वळलं नाही' म्हणून मोजलीत तर मॉडेल सांगेल की गावात प्रभाव कमकुवत आहे. खरं कारण ट्रॅक्टरची पाळी. यंत्र चालवणाऱ्याकडून दिवसाचे खरे एकर आणि पाळीची वही मागा. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रबंधातली ती सगळ्यात मोलाची पानं ठरतील.

पेरणीच्या निर्णयाला उंबरठ्याचं मॉडेल जास्त जवळचं आहे. उंबरठा म्हणजे किती जणांनी केलेलं बघितल्यावर माणूस स्वतः करतो तो आकडा. ग्रॅनोव्हेटरने १९७८ साली दिलेलं उदाहरण यासाठी नेहमी डोळ्यांसमोर ठेवावं: शंभर माणसं, उंबरठे ०, १, २ असे ९९ पर्यंत. शून्यवाला सुरू करतो, त्याला पाहून एकवाला, मग दोनवाला, आणि शंभरही जण सामील होतात. आता फक्त एकवाल्याचा उंबरठा २ करा. पहिल्यानंतर कुणीच हलत नाही. शंभरातल्या ९९ माणसांचा स्वभाव तोच आहे, तरी एकीकडे सगळे आणि दुसरीकडे एकच. म्हणून गावांची सरासरी मतं सारखी असूनही निकाल टोकाचे वेगळे येऊ शकतात, आणि म्हणूनच तुमचं मॉडेल एकदा चालवून आलेला आकडा लिहू नका. उंबरठे थोडे हलवून किमान ५०० वेळा चालवा आणि निकालांचा पसारा दाखवा.

उंबरठा कसा विचारायचा? 'किती जणांचं साधलेलं बघितल्यावर तुम्ही लावाल?' शेतकरी याचं उत्तर टक्क्यांत देत नाही. 'दोन-तीन जणांचं बघू' असंच म्हणतो. तो आकडा तसाच ठेवा, टक्क्यांत बदलू नका. टक्के केलेत की ज्याच्या ओळखी जास्त तो मॉडेलमध्ये अवघड होऊन बसतो. आकडा ठेवलात तर तोच लवकर वळतो. दोन्हींचे निकाल उलटे येतात.

आणखी एक बारकावा भावकीचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्यावरच्या १९४३ च्या अभ्यासात रायन आणि ग्रॉस यांनी २५९ शेतकऱ्यांना विचारलं होतं. नव्या बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली, पण पटवलं शेजाऱ्यांनी. आपल्याकडे दुकान आणि बांध यांचं नातं असंच आहे. त्यामुळे बातमी एका ओळखीने पोचते, पद्धत बदलायला दोन-तीन ठिकाणांहून दुजोरा लागतो. पण तीन चुलतभावांकडून ऐकलं आणि तिघांनी एकाच एजंटकडून ऐकलं असेल, तर तो दुजोरा एकच आहे. शेतकऱ्याला मात्र तो तीन वाटतो. प्रश्नावलीत 'त्यांना हे कुठून कळलं?' एवढा एक रकाना घातलात तर हे पकडता येईल.

शेत दिसणं हाही एक थर आहे, त्याला ओळख लागत नाही. बसथांब्याच्या रस्त्यावरचं बीबीएफचं रान सगळं गाव जाता-येता बघतं. उगवण विरळ झाली तर एक शब्द न बोलता मत खाली येतं. रस्त्याकडेचे गट नंबर नकाशावर वेगळे खुणावून ठेवा.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी घेतो: शेजाऱ्यांची मतं जुळतात ती ऐकून, की मुळातच सारखी म्हणून? खोल काळ्या रानात पाणी साचतं, तिथे सरीचा फायदा दिसतो. मुरमाड हलक्या रानाचा हिशोब वेगळा. आणि शेजाऱ्याची जमीन शेजाऱ्यासारखीच असते. मॅन्स्कीने १९९३ मध्ये ही अडचण नेमकी मांडली. शालिझी आणि थॉमस यांनी २०११ मध्ये दाखवलं की फक्त जाळं आणि निर्णय बघून हे दोन वेगळे करता येत नाहीत. आपण एवढं करू शकतो: जमिनीचा प्रकार आणि ओलीत सारखं असलेल्या घरांत मतं १,००० वेळा यदृच्छ अदलाबदल करा आणि दर वेळी जोडलेल्या घरांच्या मतांतला फरक मोजा. खरा फरक या हजारांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर जमिनीपलीकडे काहीतरी आहे. तो 'प्रभाव'च आहे हे सिद्ध होत नाही, पण प्रबंधात लिहिण्याजोगा दावा होतो.

कर्नाटकातल्या गावांवरचा बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन यांचा २०१३ चा सूक्ष्मकर्जाचा अभ्यास जरूर वाचा. तिथे माहिती पोचल्यानंतर 'शेजाऱ्याने घेतलं म्हणून मी घेतलं' हा वेगळा परिणाम फारसा दिसला नाही. कर्ज न घेणारेही बातमी पुढे देत होते. तुमच्या गावातही आधी नुसतं 'माहिती पोचली का' हे मॉडेल चालवा. तेवढ्यानेच चित्र जुळलं तर पुढची गुंतागुंत नको.

आणि प्रत्येक मॉडेलची तुलना 'कुणाचंच मत बदललं नाही' या साध्या अंदाजाशी करा. तो हरवायला वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. पहिल्या दोन फेऱ्यांवर मॉडेल बसवा आणि तिसऱ्या फेरीचा अंदाज ती माहिती हाती येण्याआधी लिहून ठेवा. घरटी चूक सरासरी किती गुणांची आहे ते दोन्हींसाठी मांडा. तिसरी फेरी सोयाबीनची रास झाल्यावर, पण टोळ्या निघायच्या आधी घ्यावी लागेल. ही फट जेमतेम पंधरा-वीस दिवसांची असते, तेव्हा घरांची यादी आणि चार माणसं गणपतीतच पक्की करून ठेवा.